घरून दिलेलं मत अन् ड्युटीवाल्यांचं टपाली मत: पाकीट कुठून कुठे जाते, राहते कुठे, बाद काहून होते?

पांदणरस्ता (प्रश्न)

आर्णी मतदारसंघातल्या एका गावची बीएलओ (मतदान केंद्राची मतदारयादी पाहणारी कर्मचारी) आहे, शाळा सांभाळून. अधिसूचना निघाली की 85 वरच्या अन् 40 टक्क्यांवर दिव्यांग असलेल्या मतदारांच्या घरी 12डी, म्हणजे टपाली मताचा अर्ज, घेऊन जाते. फॉर्म भरून घेणं सोपं आहे, पण लोक जे विचारतात त्याचं नीट उत्तर माझ्याकडे नसते. जाणकारांनी सांगावं.

1. घरी दिलेलं मत कोणत्या पाकिटात जाते, ते पाकीट कोण उघडते, अन् उघडताना नाव अन् मत एकाच वेळी दिसते का? पारावरचा पहिला प्रश्न हाच.

2. मोजणीपर्यंत ती पाकिटं ठेवतात कुठे? मशीनसोबतच का?

3. आम्ही शिकलेले कर्मचारी, तरी आमचीच टपाली मतं मोठ्या संख्येनं बाद होतात. नेमकी चूक कुठे होते?

4. मतदान झाल्यावरही टपाली मतांचा आकडा रोज वाढत जातो. "रात्री पाकिटं टाकतात" असं लोक म्हणतात. आकडा खरंच का वाढते?

मी विधानसभा-लोकसभेचं विचारतेय. जिल्हा परिषद अन् नगर परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेते, त्यांचे नियम वेगळे, ते इथं नको.

---

लाखमोहर

ताई, आधी 'टपाली' या शब्दाचा घोळ काढू. आज टपाल खात्यातून जे येते ते मुख्यतः सैनिकांचं मत. तुमच्या म्हाताऱ्यांचं मत पथक घरून आणते, अन् कर्मचाऱ्याला ते सुविधा केंद्रावरच (ड्युटीवाल्यांच्या मतासाठी उघडलेल्या केंद्रावर) द्यावं लागते. हे सगळं निवडणूक संचालन नियम 1961 खाली चालते. टपाली म्हणायची सवय तेवढी राहिली.

संच चार कागदांचा असतो, अन् मतपत्रिका पाचवी:

13ए म्हणजे मतदाराचं घोषणापत्र. यात नाव, सही आणि मतपत्रिकेचा क्रमांक असतो. खाली साक्षांकन करणाऱ्याची सही, नाव, हुद्दा.
13बी म्हणजे आतलं लहान पाकीट. यात फक्त मतपत्रिका. वर मतपत्रिकेचा क्रमांक.
13सी म्हणजे बाहेरचं मोठं पाकीट, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या पत्त्याचं. यात बंद केलेलं 13बी आणि उघडं 13ए.
13डी म्हणजे सूचना. हा कागद कोणी वाचत नाही, अन् तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

आता पहिला प्रश्न. मतपत्रिका देताना तिच्या स्थळप्रतीवर मतदाराचा यादीतला क्रमांक लिहितात. यादीच्या चिन्हांकित प्रतीत नावासमोर 'पीबी' अशी खूण करतात, पण तिथं मतपत्रिकेचा क्रमांक लिहायचा नाही असं नियम स्पष्ट सांगतो. म्हणजे केंद्रावर जी यादी जाते ती पाहून एवढंच कळते की या बाईला टपाली मतपत्रिका दिली, केंद्रावर मतदान करू द्यायचं नाही. कोणती मतपत्रिका दिली हे त्या यादीवरून कोणालाच कळत नाही. स्थळप्रतींचा गठ्ठा मोहरबंद होऊन बाजूला जाते.

उघडतानाचा क्रमही तसाच बांधलेला आहे. आधी बाहेरचं पाकीट, मग घोषणापत्राची तपासणी. जी घोषणापत्रं बरोबर ती सगळी एका वेगळ्या पाकिटात टाकून मोहरबंद करायची, आणि त्यानंतरच आतल्या 13बी पाकिटांना हात लावायचा. म्हणजे मत बाहेर येते तेव्हा नावांचे कागद टेबलावर नसतातच. पारावर एवढंच सांगा: नाव पाहणारं पाकीट अन् मत पाहणारं पाकीट वेगळं, अन् पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही.

घरच्या मतदानाला दोन मतदान अधिकारी, व्हिडिओवाला अन् पोलीस असे जातात. दौऱ्याची तारीख उमेदवारांना आधी कळवलेली असते, त्यांचा प्रतिनिधी यायचा म्हटला तर येऊ शकतो. मंजूर मतदारांची यादीही पक्षांना दिलेली असते. घरात पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा. चित्रीकरण ओळख पटवण्याचं अन् पाकीट बंद करण्याचं, खूण करतानाचं नाही. दृष्टिहीन असेल किंवा हाताला खूण करता येत नसेल तर सज्ञान सोबती मदत करू शकते. बाकी घरच्यांनी ओट्यावर थांबायचं. खरं सांगायचं तर घरच्या मतदानात गुप्ततेला सगळ्यात मोठा धोका पथकाकडून नसतो, शेजारी उभं राहून "आई, तिथं नको, इथं" म्हणणाऱ्या लेकाकडून असतो. पथकप्रमुख भिडस्त निघाला की ते मत त्या लेकाचंच होते.

संध्याकाळी पथक तालुक्याला परतते. दिलेल्या मतपत्रिका, भरून आलेली पाकिटं, घरी न सापडलेले मतदार, नकार दिलेले: या चारांचा हिशेब जुळवून त्याच दिवशी पाकिटं जमा करायची. रात्र पथकाच्या गाडीत काढायची नाही. अहेरी-सिरोंच्यासारख्या भागात हे वाटते तितकं सोपं नाही. 2024 च्या लोकसभेला दोन वृद्ध मतदारांसाठी पथक अहेरीहून सिरोंच्याला 107 किलोमीटर गेलं होतं. अशा ठिकाणी दौऱ्याचं नियोजन परतीच्या वेळेपासून मागं मोजत करावं लागते.

दुसरा प्रश्न. मशीनच्या स्ट्राँग रूममध्ये टपाली पाकिटं ठेवत नाहीत. मशीनची खोली मतदानाच्या रात्री मोहरबंद झाली की मोजणीच्या सकाळपर्यंत उघडत नाही. टपालीची खोली रोज उघडावी लागते, कारण माल रोज येते. म्हणून ती निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात वेगळी. आत पेट्या प्रकारानुसार: घरचं मतदान, कर्मचारी, अत्यावश्यक सेवा, सैनिक. खोली उघडताना उमेदवारांना निरोप, चित्रीकरण, नोंदवहीत वेळ, आत गेलेल्या पाकिटांची संख्या अन् सह्या, मग परत कुलूप अन् मोहर. मोजणीच्या सकाळी याच पेट्या बंदोबस्तात मोजणीच्या जागी नेतात.

इथं जे बिघडते ते बहुधा नोंदवहीत. खोली उघडली पण उमेदवाराला निरोप दिल्याची पोच घेतली नाही, किंवा वहीत 46 अन् गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर 64. चोरी नसते, आकडा उलटा पडलेला असते. पण मोजणीच्या दिवशी तो फरक समजावता समजावता घाम फुटते.

---

डाकगाडी

चौथ्या प्रश्नाचं उत्तर टपालवाल्याकडून.

सैनिक मतदाराला मतपत्रिका ऑनलाइन जाते. 2016 पासून ही पद्धत, ईटीपीबीएस म्हणतात. तो ती उतरवून घेते, छापते, खूण करते, पाकिटं तयार करते अन् स्पीड पोस्टनं पाठवते. तिकीट लावायचं नसते. जाताना मतपत्रिका काही क्षणांत जाते, येताना मात्र गाडी, रेल्वे, छाटणी केंद्र असं सगळं फिरून येते. सीमेवरच्या चौकीतून निघालेलं पाकीट आधी त्यांच्या टपाल यंत्रणेतून बाहेर पडते, मग नागपूर, मग जिल्हा, मग तालुका.

ते निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडायची शेवटची वेळ म्हणजे मोजणी सुरू व्हायची वेळ, सकाळी 8. मतदानाचा दिवस नव्हे. 2024 च्या विधानसभेला मतदान 20 नोव्हेंबरला अन् मोजणी 23 ला होती. म्हणजे 21, 22 अन् 23 च्या सकाळी 8 पर्यंत आलेली पाकिटं नियमानं मोजणीत. आकडा वाढते तो असा. 8 वाजून 5 मिनिटांनी आलेलं पाकीट उघडत नाहीत, वर वेळ लिहून वेगळ्या गठ्ठ्यात ठेवतात.

ही पाकिटं टपाल खात्यात इतर टपालात मिसळून राहत नाहीत. निवडणुकीपुरता खात्याचा एक अधिकारी नेमलेला असते, रोज ठरल्या वेळी यादीवर सही घेऊन पाकिटं कार्यालयात पोहोचतात. मोजणीच्या सकाळी शेवटची थैली वेगळ्या माणसाजवळ. "रात्री टाकली" म्हणणाऱ्यानं दोन वह्या मागाव्या, टपाल खात्याची सुपूर्द यादी अन् निर्णय अधिकाऱ्याची आवक वही. दोन्हीकडचा आकडा रोजच्या रोज एकच असला पाहिजे.

---

गणपूर्ती

लाखमोहर साहेबांचं बाकी बरोबर, पण कर्मचाऱ्याला सुविधा केंद्राशिवाय पर्याय नाही असं नाही. मतपत्रिका घरी घेऊन जाता येते अन् मोजणीच्या सकाळपर्यंत पोस्टानं किंवा पेटीत टाकता येते. आमच्याकडे कैक वर्षं तसंच चालत आलं.

---

लाखमोहर

चालत आलं हे खरं, पण 2023 मध्ये नियमात 18ए घातला. निवडणूक कर्तव्यावरच्या मतदारानं मतपत्रिका सुविधा केंद्रावरच घ्यायची, तिथंच खूण करायची, तिथंच परत द्यायची. घरी न्यायची सोय बंद.

बंद केली हे बरंच केलं. मतपत्रिका आठ-दहा दिवस खिशात फिरली की तिच्यामागं गावपुढारी फिरते, संघटनेचा पदाधिकारी फिरते, "दाखव कोणाला दिलं" म्हणणारा फिरते. व्हॉट्सअॅपवर मतपत्रिकेचे फोटो यायचे ते याच काळातले. आता केंद्रावर मोबाइल बाहेर ठेवायचा, ओळखपत्र अन् नेमणुकीचा आदेश दाखवायचा, यादीत सही करायची, संच घ्यायचा, आडोशात खूण करायची, तिथंच बसलेल्या अधिकाऱ्याकडून 13ए साक्षांकित करून घ्यायचं, पाकिटं चिकटवायची, पेटीत टाकायचं. रिकामी पेटी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर दाखवून मोहरबंद केलेली असते. दिवसअखेर पेटी उघडून पाकिटं मतदारसंघनिहाय वेगळी करतात, मोजतात, गठ्ठे बांधून पाठवतात.

---

टेबल तीन

मी तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण सगळी मेख तिथं आहे.

मोजणीला टपालीची टेबलं वेगळी असतात. एका टेबलावर 500 पेक्षा जास्त पाकिटं द्यायची नाहीत. समजा 1,800 पाकिटं आली, तर चार टेबलं. प्रत्येकावर एक सहायक निवडणूक निर्णय अधिकारी, कारण बाद करायचा निर्णय लिपिकानं घ्यायचा नसते. सैनिकांच्या पाकिटांवर क्यूआर कोड असतात. बाहेरचं पाकीट, घोषणापत्र, आतलं पाकीट, तिन्हींचे कोड वाचून जुळवायचे. एकाच मतदाराची दोन पाकिटं आली असतील तर तिथंच सापडते. कोड मळला किंवा प्रिंट फिकी आली की स्कॅनर वाचत नाही, अन् टेबल अडते. टपाली मोजणी लांबते ती सहसा या स्कॅनिंगमुळं.

बाद होण्याचे दोन टप्पे आहेत, अन् लोक दोन्ही एकत्र करतात.

पहिला टप्पा: आतलं पाकीट न उघडताच बाद. बाहेरचं पाकीट उघडलं अन् त्यात 13ए सापडलंच नाही. किंवा सापडलं पण मतदाराची सही नाही, साक्षांकन नाही. किंवा 13ए वरचा मतपत्रिकेचा क्रमांक अन् 13बी वरचा क्रमांक वेगळा. हे मत बरोबर आहे की नाही हे कोणी पाहतच नाही. ते पाकीट तसंच बंद राहून बाद गठ्ठ्यात जाते.

आता यातली नेहमीची चूक पाहा. मतदार सगळं मन लावून करते, फक्त 13ए ची घडी घालून मतपत्रिकेसोबत आतल्या लहान पाकिटात घालून चिकटवते. घोषणापत्र आहे, सही आहे, शिक्का आहे, पण चुकीच्या पाकिटात. टेबलावर बाहेरचं पाकीट उघडल्यावर 13ए दिसत नाही, अन् ते शोधायला आतलं उघडायची परवानगी नाही. उघडलं असतं तर नाव अन् मत एकत्र हातात आलं असतं, म्हणून. मत गेलं.

दुसरी चूक जोडीनं बसलेल्यांची. दोन गुरुजी एकाच बाकावर बसून पाकिटं भरतात अन् लहान पाकिटांची अदलाबदल होते. दोघांचे क्रमांक जुळत नाहीत, एका चुकीत दोन मतं.

दुसरा टप्पा: आतलं पाकीट उघडल्यावर मतपत्रिका बाद. खूणच नाही. एकापेक्षा जास्त उमेदवारांसमोर खूण. खूण दोन रकान्यांच्या रेघेवर, कोणाला दिलं ते सांगता येत नाही. मतपत्रिका फाटून ओळखू न येणारी. दिलेल्या पाकिटाऐवजी भलत्याच पाकिटातून आलेली. आणि मतदार ओळखू येईल अशी काही खूण किंवा लिखाण. या शेवटच्यात सरकारी माणूस हमखास सापडते, कारण कागद दिसला की खाली सही करायची त्याची सवय. मतपत्रिकेवर सही केली की मत बाद, मग खूण कितीही ठळक असो. साक्षांकन अधिकाऱ्यानं घाईत शिक्का 13ए ऐवजी मतपत्रिकेवर मारला, हेही पाहायला मिळते.

उलट, खूण बरोबरची की फुलीची यावरून मत बाद होत नाही. मतदाराचा कल कळला पाहिजे. 'नोटा'चा रकाना टपालीतही असते.

अन् डिंक. ही बारीक गोष्ट कोणत्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. लहान पाकिटाच्या तोंडाला डिंक थापला की तो आत उतरते अन् घडी घातलेल्या मतपत्रिकेला चिकटते. उघडताना कागद खूण केलेल्या जागीच फाटला तर पंचाईत. झाकणाच्या कडेला बोटभर पट्टी पुरे, अन् मतपत्रिका पाकिटाच्या तळाशी सरकवून मग चिकटवा. कडेचं वाळेपर्यंत मोठ्या पाकिटात घालू नका, नाहीतर लहान पाकीट मोठ्याला आतून चिकटते.

केंद्रावर या चुका थांबवायच्या तर एक उपाय चांगला चालते. पेटीजवळ एक माणूस बसवायचा. त्यानं मत पाहायचं नाही, मोठं पाकीट बंद व्हायच्या आधी तीनच गोष्टी पाहायच्या: 13ए बाहेर आहे, त्यावर दोन सह्या आहेत, दोन क्रमांक एक आहेत. माणशी वीस-पंचवीस सेकंद. प्रशिक्षणाच्या शेवटी सगळे एकदम उठून एसटी पकडायला पळतात तेव्हा नेमका हाच माणूस जागेवर नसते.

---

वकिली चष्मा

उमेदवाराच्या मोजणी प्रतिनिधींसाठी थोडं, कारण वरचं सगळं अधिकाऱ्याच्या बाजूनं झालं.

टपाली मोजणी 8 ला सुरू होते, तीस मिनिटांनी मशीनची. पूर्वी दोन्ही समांतर चालायच्या अन् कधी मशीन संपून टपाली उरायची. सप्टेंबर 2025 मध्ये आयोगानं सांगितलं की टपाली मोजणी पूर्ण होईपर्यंत मशीनची शेवटून दुसरी फेरी हाती घ्यायची नाही. म्हणून टपालीच्या टेबलावर नवखा प्रतिनिधी बसवू नका. पक्ष चांगली माणसं मशीनच्या टेबलावर पाठवतात अन् टपालीवर कोण्या पाव्हण्याला बसवतात, हे दरवेळचं.

लक्षात ठेवायचा नियम असा: जिंकणाऱ्याचं मताधिक्य जर बाद झालेल्या टपाली मतांच्या संख्येपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्याआधी निर्णय अधिकाऱ्यानं सगळी बाद टपाली मतं परत तपासायचीच, चित्रीकरणासह. उदाहरणार्थ मताधिक्य 140 अन् बाद टपाली 210, तर फेरतपासणी बंधनकारक, अर्ज करायची वाट पाहायची नाही. म्हणून बादचा आकडा कारणासह टेबलनिहाय लिहून घ्या: घोषणापत्र नाही इतके, क्रमांक जुळत नाही इतके, खूण नाही इतके. नुसती बेरीज लिहिली तर फेरतपासणीत कोणता गठ्ठा मागायचा ते सुचत नाही.

दिलेल्या मतपत्रिका एकीकडे, अन् परत आलेल्या, न वापरता परत आलेल्या, न आलेल्या, उशिरा आलेल्या दुसरीकडे. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. प्रश्न विचारायचा तर या ताळेबंदावर विचारा. "टपालीत गडबड झाली" असं मोघम ओरडून काही हाती लागत नाही.

निकालानंतर गठ्ठे मोहरबंद होऊन जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या ताब्यात जातात. न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत. निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून 45 दिवस, अन् कागद वर्षभर जपायचे असतात. दोन महिन्यांनी पारावर पुरावा सापडला म्हणणाऱ्याला हे सांगून ठेवा.

---

पांदणरस्ता

सगळ्यांचे आभार. 13ए आतल्या पाकिटात घालायची चूक मीही करू शकले असते, वाचून अंगावर काटा आला.

दोन शंका उरल्या. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काहींना ईडीसी (निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र) मिळते अन् काहींना टपाली, एकाच शाळेतल्या दोघांना वेगवेगळं. अन् दुसरं, घरच्या मतदानाला नाव दिलेला माणूस पथक आलं तेव्हा घरी नसला तर?

---

लाखमोहर

ईडीसीचं गणित मतदारसंघावर आहे. तुमचं नाव ज्या मतदारसंघात, ड्युटीही त्याच मतदारसंघात लागली तर 12ए भरून ईडीसी घ्यायचं अन् ड्युटीच्या केंद्रावर मशीनवर मत द्यायचं. ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात लागली तर नमुना 12 भरून टपाली. विधानसभेला कर्मचारी सहसा आपल्या मतदारसंघाबाहेर पाठवतात, म्हणून तेव्हा टपालीचा ढीग मोठा.

लोकसभेला ईडीसी जास्त चालायला पाहिजे, पण यवतमाळ जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत फाटला आहे. वणी अन् आर्णी चंद्रपूरमध्ये, उमरखेड हिंगोलीत, बाकीचे यवतमाळ-वाशिममध्ये. आर्णीच्या मतदाराला दिग्रसला ड्युटी लागली की जिल्हा एकच असूनही लोकसभा मतदारसंघ बदलला, म्हणून टपाली. त्याला वणीला पाठवलं असतं तर ईडीसी चाललं असतं. त्याचं पाकीट मोजायला चंद्रपूरला जाते, कारण लोकसभेची टपाली मतं निर्णय अधिकाऱ्याच्या मुख्यालयी मोजतात. त्यात 2024 ला चंद्रपूरचं मतदान 19 एप्रिलला अन् यवतमाळ-वाशिम, हिंगोलीचं 26 ला. एकाच जिल्ह्यात दोन तारखा, तीन पत्ते. गठ्ठे बांधताना मतदारसंघाची चिठ्ठी चुकली तर पाकीट भलत्या मुख्यालयी पोहोचते, अन् तिथून परत फिरून येईपर्यंत 8 वाजून गेले तर संपलं. म्हणून पाकिटांच्या अदलाबदलीच्या बैठका जिल्हा अन् राज्य पातळीवर ठरवून घेतात.

नमुना 12 मध्ये भाग क्रमांक अन् यादीतला अनुक्रमांक स्वतः ताज्या यादीत पाहून लिहा. मागच्या निवडणुकीचा क्रमांक पाठ असते तो लिहू नका, पुरवणी अन् वगळणीनं क्रमांक सरकतात. क्रमांक चुकला की तुमच्या नावासमोर 'पीबी'ची खूण व्हायच्या ऐवजी शेजाऱ्याच्या नावासमोर होते, अन् मतदानाच्या दिवशी तो बिचारा केंद्रावरून परत जाते. पोलीस, होमगार्ड, गाड्यांचे ड्रायव्हर, व्हिडिओवाले हेही कर्तव्यावरचे मतदार आहेत. ड्रायव्हरला नमुना 12 कोणी देतच नाही, तेवढं आठवणीनं द्या.

---

टेबल तीन

एक जोडतो. महावितरण, एसटी, रुग्णवाहिका अशा अत्यावश्यक सेवेतल्या लोकांची गल्लत होते. त्यांचं खातं आयोगानं अधिसूचित केलेल्या यादीत असेल तर त्यांनाही 12डीच लागते, पण त्यांच्या खात्याच्या नोडल अधिकाऱ्याच्या शिफारशीसह. त्यांचं मतदान घरी नसते. त्यांच्यासाठी टपाली मतदान केंद्र सलग तीन दिवस, सकाळी 9 ते 5 उघडं ठेवतात. तीन दिवसांत गेले नाहीत तर त्यांनाही केंद्रावर मशीनवर मत देता येत नाही.

---

लाखमोहर

ताई, तुमच्या दुसऱ्या शंकेचं. पथक दोनदा येते. पहिल्या वेळी मतदार भेटला नाही तर दुसरी तारीख सांगून जाते, दुसऱ्यांदाही भेटला नाही तर संपलं. तिसरा फेरा नाही, अन् 'पीबी' खूण झाल्यामुळं केंद्रावरही मत नाही. घरचं मतदान मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत उरकायचं असते.

नोव्हेंबरात हे आपल्याकडे हमखास घडते. घरचे सगळे कापूस वेचायला गेलेले, आजीला शेतावरच्या मांडवात नेऊन बसवलेलं, घराला कुलूप. किंवा बुढा दिवाळीला नागपूरला लेकीकडे गेला तो तिकडेच राहिला. पथक मतदारसंघातल्या यादीच्या पत्त्यावरच जाते, नागपूरला जात नाही.

म्हणून 12डी घेतानाच विचारा: केंद्रापर्यंत गाडीनं नेलं तर जमते का? जमत असेल तर 12डी भरूच नका. रॅम्प अन् व्हीलचेअर केंद्रावर असते, मशीनवर मत द्या, बाद व्हायचा प्रश्नच नाही. 12डी हा हक्क आहे, सक्ती नाही, अन् नकारही फॉर्मवर नोंदवता येते. अंथरुणाला खिळलेल्यासाठीच तो खरा कामाचा.

मुदतही घट्ट आहे. अधिसूचनेनंतर 5 दिवसांत फॉर्म निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचला पाहिजे. 2024 च्या विधानसभेला अधिसूचना 22 ऑक्टोबरला निघाली, म्हणजे 27 पर्यंत. दिव्यांग असेल तर प्रमाणपत्राची प्रत त्याच वेळी जोडायची, ते मागून आणतो म्हटलं की पाच दिवस संपतात.

अन् फॉर्मवरचा मोबाइल नंबर. पथकाचा निरोप त्याच नंबरवर येते. घरचे पुण्याच्या लेकाचा नंबर देतात, तो मीटिंगमध्ये असते, निरोप संध्याकाळी वाचते, अन् पथक दुपारीच येऊन गेलेलं असते. गावात राहणाऱ्याचा नंबर लिहून घ्या, अन् खाली तुमचाही.